आरोग्य विम्याचा खर्च कुणी उचलायचा: कामगाराने, कंपनीने की सरकारने?

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. आमच्या घरात चवथीपासून एकच विषय चालू आहे. इथे नोकरदार आहेत, डॉक्टर आहेत, विम्यातले जाणकार आहेत, म्हणून तो इथे मांडते.

माझे यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहेत. यंदा करार झाला, जूनपासून पगारवाढ लागली आणि भत्ते धरून आकडा २१ हजारांच्या वर गेला. पहिला वाढीव पगार हातात पडतोय न पडतोय तोच ऑफिसातून निरोप आला: तुमचं ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आता बंद, पुढचं तुमचं तुम्ही बघा. कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, पण तिच्यात कामगार, बायको आणि मुलं एवढीच. सासूबाई ७२ वर्षांच्या. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे गेलेत. ईएसआयमध्ये त्या यांच्यावर अवलंबून म्हणून धरलेल्या होत्या. आता त्यांच्या एकटीच्या पॉलिसीचा हप्ता ऐकला तर वाढलेला पगार तिथेच संपतो, वर खिशातले घालावे लागतात.

दीर म्हणतो, ज्याचं आजारपण त्याचा खर्च, दुसऱ्याकडे बघू नये. यजमान म्हणतात, कर भरतो तर सरकारने करावं. मला मात्र वाटतं की माणूस उमेदीची सगळी वर्षं, रात्रपाळ्या, कंबर-मणका ज्या कंपनीसाठी झिजवतो, तिनेच त्याच्या घरच्यांचं आजारपण बघावं. तुमचं मत काय? अनुभव असतील तर जरूर लिहा.

हिशेबनीस

अबोलीताई, मताकडे मागाहून येतो. आधी ऑफिसातला तो निरोप तपासून घ्या. मी कारखान्याच्या पगारपत्रकावर हयात काढली आहे. ईएसआय असं मधेच तुटत नाही.

वर्गणीचे वर्षात दोन कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू झाल्यावर पगार मर्यादेपलीकडे गेला तरी तो कालखंड संपेपर्यंत वर्गणी कापावीच लागते, तीही वाढलेल्या पगारावर. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात. तुमची वाढ जूनपासून आहे. म्हणजे सप्टेंबरपर्यंत वर्गणी आणि पुढच्या जूनअखेरपर्यंत सासूबाईंचं कार्ड चालू. आणखी एक: २१ हजारांची मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. पगाराची चिठ्ठी काढून आकडा पुन्हा लावा.

आता मत. २० हजार पगार असेल तर कामगाराचा पाऊण टक्का म्हणजे १५० रुपये, मालकाचा सव्वातीन टक्के म्हणजे ६५०. महिना ८०० रुपयांत अख्खं घर, म्हातारे आईवडील धरून. कुणी वय विचारत नाही, जुना आजार विचारत नाही. शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, तो वेगळाच. १९४८ साली हा कायदा करणाऱ्यांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच दिलं होतं: दोघांनी मिळून भरायचं, मालकाने जास्त. आडवी येते ती मर्यादा. २१ हजार हा आकडा जानेवारी २०१७ पासून आहे तिथेच आहे. पगार महागाईने वाढतो आणि वाढला की माणूस छपराबाहेर.

पर्वरीचा_पोरगा

अबोलीताई, तुमच्या भावना समजतात, पण कंपनीच्या भरवशावर राहू नये असं मी ठामपणे सांगेन. माझ्या आधीच्या कंपनीत आईवडील ग्रुप पॉलिसीत होते. नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीने हप्ता वाढवला आणि आमच्या कंपनीने एका ईमेलवर आईवडिलांना बाहेर काढलं. बाबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्याच महिन्यात ठरली होती.

तेव्हापासून माझी स्वतःची पॉलिसी आहे. वय कमी होतं म्हणून हप्ता कमी बसला. नोकरी बदलली, मधे काही महिने घरी बसलो, पण पॉलिसी माझ्याबरोबर राहिली. ज्याची पॉलिसी त्याच्या नावावर, त्याचाच त्यावर हक्क.

डिचोलीकर

पोरा, खरं बोललास. पण पॉलिसी स्वतः घ्यायला खिशात पैसे लागतात. आमच्या भागात काय झालं ते सांगतो.

२०१२ ला खाणी बंद झाल्या. पुढे चालू झाल्या, मग २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद. खाण कंपनीत कायम असलेल्या माणसाला मेडिक्लेम होता, घरचे त्यात होते. आमच्या वाड्यावर कोणी स्वतःची पॉलिसी घेतली नव्हती, कारण गरजच पडली नव्हती. खाण बंद झाली तशी नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमाही गेला. ट्रकवाल्यांना तर आधीही काही नव्हतं. पन्नाशीचा माणूस, धुळीत काम केलेला, छाती भरलेली. त्याला नवी पॉलिसी कोण देणार? दिली तरी जुन्या आजाराला तीन वर्षं थांब म्हणणार.

माणसाला विम्याची सर्वांत जास्त गरज असते ती नोकरी सुटल्यावर. कंपनीचा विमा नेमका तेव्हाच संपतो. म्हणून अबोलीताई, कंपनीने पैसे भरावेत हे मान्य, पण विमा कंपनीच्या नावाला बांधलेला नसावा. पैसे कंपनीचे, कार्ड माणसाचं, असं काहीतरी पाहिजे.

मांडवीकाठी

+१. "पैसे कंपनीचे, कार्ड माणसाचं" हे फार आवडलं. धाग्याच्या शीर्षकातच टाका.

विमावाले_काका

मी विम्याच्या धंद्यात फार वर्षं आहे, आता निवृत्तीला टेकलोय. दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो.

नोकरी सोडताना ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि थांबण्याची जी वर्षं आधीच भरली आहेत ती मोजली जातात. मात्र अर्ज वेळेत करावा लागतो, आणि हे कंपनीतून निघताना कुणी सांगत नाही. डिचोलीकरांच्या वाड्यावर हे कुणी सांगितलं असतं तर निदान काही घरं वाचली असती.

जुन्या आजारासाठीची थांब आता जास्तीत जास्त ३६ महिने. एप्रिल २०२४ पूर्वी ती ४८ महिन्यांपर्यंत होती. पासष्टीनंतर पॉलिसी नाही, ही अटही तेव्हाच गेली. पण दार उघडलं म्हणजे आतलं भाडं कमी झालं असं नाही. वय वाढेल तसा हप्ता चढतोच. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाला, म्हणजे विमा नियामकाला, विचारावं लागतं, हा नियम २०२५ मध्ये आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, तोही दिलासा आहे. ग्रुप पॉलिसीवर मात्र तो अजून आहे.

विमा चालतो तो निरोगी माणसांच्या हप्त्यावर. पर्वरीच्या पोराने भरलेल्या पैशांतून दुसऱ्याच्या बायपासचं बिल जातं. सगळे निरोगी "मला काय झालंय" म्हणत बाहेर राहिले आणि आजारीच तेवढे आत आले, तर हप्ता कुणालाच झेपणार नाही. म्हणून तरुणांनी आपल्या पैशाने लवकर यावं, हे माझं मत. सरकारने सगळं करावं म्हणणं सोपं आहे.

रोखठोक

काकांशी सहमत. मी व्यवसाय करतो, आयकर भरतो, जीएसटी भरतो. गोव्यात राज्य सरकारची दीनदयाळ आरोग्य योजना उत्पन्न न बघता सगळ्यांना आहे. बंगला असलेल्यालाही तेच कार्ड आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरालाही तेच. हे कशासाठी? ज्याला परवडतं त्याने स्वतःचं भरावं, म्हणजे गरिबाला जास्त देता येईल. आणि फुकट मिळालं की किंमत राहत नाही, साध्या तापालाही माणूस मोठ्या इस्पितळात धावतो.

स्टेथोस्कोप

रोखठोक, नम्रपणे असहमत. मी सरकारी सेवेत डॉक्टर आहे.

साध्या तापाला दीनदयाळ कार्ड चालतच नाही. ते ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहे, त्यासाठी दाखल व्हावं लागतं. २०१६ साली योजना आली, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख, आणि गोव्यात पाच वर्षं वास्तव्य ही अट. उत्पन्नाची अट घातली असती तर प्रत्येकाला मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणावा लागला असता. दाखला लवकर कुणाला मिळतो आणि हेलपाटे कुणाला पडतात हे सत्तरी तालुक्यातल्या किंवा काणकोणच्या माणसाला विचारा. आणि बंगल्यात राहणारा जोवर त्याच रांगेत आहे तोवर रांगेची व्यवस्था बरी राहते, कारण तो गप्प बसत नाही.

आता माझं खरं म्हणणं. या धाग्यावर सगळे हप्ता कुणी भरायचा ते बोलताहेत, इस्पितळ कुणी चालवायचं ते कुणी बोलत नाही. मध्यंतरीचा एक प्रसंग सांगते. रात्री आरोग्य केंद्रात बसचालक आला, छातीत कळ, घामाने शर्ट चिंब. सिस्टरने ईसीजी काढला, तो फोनवरून बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेज) हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला, तिकडून होकार आला आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच दिलं. मग १०८ ने बांबोळीला. बाहेर त्या एका इंजेक्शनला कित्येक हजार पडतात. त्याची बायको पदराची गाठ सोडून चुरगळलेल्या नोटा मोजत होती. सिस्टरने तिच्या हाताची मूठ मिटून दिली आणि सांगितलं, हे मागे ठेव, लागणार नाही. कार्ड, पॉलिसी, नोकरी, कुणी काही विचारलं नाही. ही "स्टेमी गोवा" व्यवस्था २०१८ अखेरपासून चालू आहे. विम्याने इस्पितळाचं बिल भरता येतं, पण पहिल्या तासात इंजेक्शन देणारं केंद्र गावाजवळ असणं हे विम्याने होत नाही. ते सरकारनेच बांधावं लागतं, आपल्या सगळ्यांच्या करातून.

अबोली_फोंडा

डॉक्टर, वाचताना अंगावर काटा आला. देव बरें करूं त्या सिस्टरचं.

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. हे चिठ्ठ्या काढून बसलेत. ओव्हरटाइम वेगळा केला तरी आकडा २१ हजारांच्या थोडा वर राहतो, पण सप्टेंबरपर्यंतचा कालखंड हा मुद्दा ऑफिसात कुणाला माहीतच नव्हता म्हणे.

दोडामार्गचो

मंडळी, सीमेपलीकडून एक शब्द. मी रोज दुचाकीने गोव्यात कामाला येतो. आमच्या तालुक्यातली निम्मी तरणी पोरं तुमच्या वसाहतींत, हॉटेलांत, बांधकामांवर आहेत. आजारी पडलो की आम्हाला म्हापसा जवळ, बांबोळी जवळ. ओरोसचं जिल्हा इस्पितळ लांब. आजोबांच्या वेळेपासून गोमेकॉ हेच आमचं इस्पितळ.

जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं. दोडामार्गात तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली होती. गोव्याचा कर गोवेकरांसाठी, हे मला कळतं. पण मी काम गोव्यात करतो, पेट्रोल गोव्यात भरतो, माझ्या घामावरचा नफा गोव्यात राहतो. मग माझ्या आजारपणाचा हिशेब सीमेवरच्या नाक्यावर का बदलावा? आरोग्य हा राज्यांचा विषय म्हणतात. माणूस मात्र दोन्ही राज्यांत जगतो.

रोखठोक

दोडामार्गचो, तुमच्यावर माझा राग नाही. पण खाटा मोजक्या आहेत. गोव्यातल्या माणसाला जमिनीवर गादी टाकून झोपावं लागत असेल तर आधी त्याचं बघायला नको? तुमच्या राज्याने तुमच्या तालुक्यात इस्पितळ उभारावं, किंवा तुमच्या रुग्णांचे पैसे गोव्याला द्यावेत. तीही "कुणी भरायचं" याचीच गोष्ट आहे.

दोडामार्गचो

राज्याने राज्याला पैसे द्यावेत हे मलाही मान्य आहे. माझं एवढंच म्हणणं की तो व्यवहार सरकारांनी आपसात करावा. स्ट्रेचरवरच्या माणसासमोर पावतीपुस्तक उघडू नये.

हिशेबनीस

दोडामार्गचो, तुमचा मालक तुमचं ईएसआय कापतो ना? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर त्याला कापावंच लागतं, आणि ईएसआय सीमा मानत नाही. वर्गणी गोव्यात भरलीत तरी कार्ड देशभर चालतं. कापत नसेल तर तिथे आवाज उठवा, राज्याच्या सीमेपेक्षा तो प्रश्न लवकर सुटेल.

तारवार_वास्को

मी जहाजावरून लिहितोय, नेट आलं की धागा वाचतो. कंत्राट चालू असेपर्यंत जहाजावर माझी काळजी कंपनी घेते. दात दुखला तरी पुढच्या बंदरात डॉक्टर. पण कंत्राट संपून घरी आलो की मधल्या महिन्यांत माझ्यामागे कुणी नाही, आणि घरची तर कधीच धरलेली नसतात. म्हणून घरच्यांची फॅमिली पॉलिसी मी खिशातून भरतो. माझ्यासारख्यांना ईएसआय नाही, ग्रुप नाही. गोव्यातल्या किती घरांची चूल तारवावर चालते बघा. त्यांचा मालक सातासमुद्रापलीकडे. अबोलीताईंच्या मताने गेलं तर आमचं कोण बघणार?

पर्वरीचा_पोरगा

तारवटीदादा, तुमच्यासारखेच हॉटेलांत सीझनपुरते लागणारे, किनाऱ्यावरच्या शॅकवर काम करणारे, दुचाकीवर भाडी मारणारे मोटरसायकल पायलट, टॅक्सीवाले. यांचा मालक कोण म्हणायचा?

मांडवीकाठी

अवांतर: मी प्रतिसाद टाकला की दिसायला वेळ लागतोय. या धाग्यालाही वेटिंग पिरियड लागू झाला की काय? :)

विमावाले_काका

तुमचा जुना आजार आधी जाहीर करा, मग दिसेल. :)

मालू

मी इथे फारशी लिहीत नाही. आज राहवत नाही म्हणून लिहिते.

माझ्या बाबांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. सरकारी व्यवस्थेत आहे, डायलिसिसचा पैसा आम्हाला लागत नाही. हे मी दहा वेळा सांगेन, कारण पैसे भरून करायचं असतं तर आमचं घर केव्हाच विकलं गेलं असतं. पण खर्च थांबलेला नाही. जाताना कदंबा बस मिळते. येताना बाबांना उभं राहवत नाही, मग रिक्षा. बाहेरून आणायची औषधं. रक्त वाढवायचं इंजेक्शन कधी संपलेलं असतं, तेव्हा विकत. आईने काजूच्या कारखान्यातलं काम सोडलं, कारण बरोबर कुणीतरी पाहिजे. तिचा पगार गेला तो कुठल्या विम्यात बसतो? कोणत्याही पॉलिसीत रिक्षाचं भाडं नाही, बुडालेली मजुरी नाही, रोजची गोळी नाही.

आमच्या खोलीत एक काका काणकोणहून येतात. पहाटे निघतात. मशीनवर बसल्या बसल्या झोपतात, आणि डब्यातली पेज आधी बाबांना विचारून मग खातात. त्यांना विचारलं तर ते सांगतील, कार्ड आहे पण रस्ता लांब आहे. कुणी भरायचं याचं उत्तर ठरवताना इस्पितळाच्या दारापर्यंतचा आणि दारातून घरापर्यंतचा खर्चही धरा, एवढंच.

स्टेथोस्कोप

मालू, तुझा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. देशभरात माणसाच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा वाटा बाहेरून घेतलेल्या औषधांत आणि ओपीडीत जातो, आणि बहुतेक विमे दाखल झाल्यावरच सुरू होतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. उतरला हे चांगलंच. तरी शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून आजारी माणूसच काढतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचं वचन आहे. ते पाळलं गेलं असतं तर बाबांच्या इंजेक्शनची बाटली संपली नसती.

औषधांसाठी जनऔषधी दुकानात विचारून बघ, नेहमीच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. इंजेक्शनचं डायलिसिस युनिटच्या प्रमुखांना लेखी दे. लेखी मागणी असली की पुढची मागणी नोंदवताना ती धरावी लागते.

काळा_कोट

विम्याचा हप्ता कुणी भरला यापेक्षा दावा नाकारल्यावर कोण भरतं हे बघा. माझ्याकडे आलेली एक गोष्ट, नावं गाळून.

एका शिक्षकाने पाच लाखांची पॉलिसी घेतली होती. खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार. इस्पितळात तेव्हा ८ हजारांचीच खोली रिकामी होती. चार दिवसांचं बिल २ लाख ५२ हजार: खोली ३२ हजार, शस्त्रक्रिया-भूल-डॉक्टरांच्या भेटी १ लाख ६० हजार, औषधं ६० हजार. त्यांना वाटलं, खोलीचे वरचे १२ हजार आपण भरू. प्रत्यक्षात विमा कंपनीने पाचास आठ या प्रमाणात खोलीही कापली आणि शस्त्रक्रियेचं बिलही कापलं. खोलीचे २० हजार, शस्त्रक्रियेचे १ लाख, औषधं पूर्ण ६० हजार. मिळाले १ लाख ८० हजार, खिशातून गेले ७२ हजार. हे नियमात बसतं. औषधं, रोपणाच्या वस्तू, तपासण्या, आयसीयू यांवर असं कापता येत नाही, बाकीवर येतं. म्हणून पॉलिसी घेताना हप्त्याआधी खोलीभाड्याची ओळ वाचा.

दावा अन्यायाने नाकारला असेल तर आधी विमा कंपनीला लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. मी स्वतः वकील असून सांगतो. आणि सलग पाच वर्षं हप्ते भरले असतील तर "तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता" म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय.

रोखठोक

काळा कोट, ही माहिती अमूल्य आहे. माझी पॉलिसी काढून बघितली, खोलीभाड्याची मर्यादा आहे. एजंटने कधी सांगितलं नव्हतं.

मालूताई, तुमचं वाचून मला विचार करावा लागला. सगळ्यांना फुकट नको हे माझं मत अजून आहे. पण डायलिसिस, कर्करोग, हृदय यांत उत्पन्न बघत बसू नये, हे पटलं. त्या आजारांत पैसेवालाही दोन वर्षांत गरीब होतो.

विमावाले_काका

अबोलीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ या, सासूबाई बाजूलाच राहिल्या. त्या ७२ वर्षांच्या आहेत ना? २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तरी पूर्ण केलेल्या सगळ्यांना खुली आहे, उत्पन्न कितीही असो. वर्षाला पाच लाख. नाव "वय वंदना कार्ड". घरात ईएसआय किंवा खाजगी पॉलिसी असली तरी मिळतं. नोंदणी आधार कार्डावर होते. हे काढा आणि दीनदयाळ कार्डाचं नूतनीकरण झालंय का तेही बघा. मग खाजगी पॉलिसी घ्यायची घाई उरणार नाही. खाजगी घ्यायचीच तर तुम्हा दोघांची आणि मुलांची घ्या, तिथे पैसा सत्कारणी लागेल.

जुन्या करप्रणालीत असाल तर हप्त्यावर २५ हजारांपर्यंत, आणि ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही.

अबोली_फोंडा

काका, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंचं आधार आणि रेशनकार्ड काढून ठेवलंय, सोमवारी जातो.

पण माझं मत मी सोडलेलं नाही. सरकारने कार्ड दिलं म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही. आमच्या यांना गरम भट्टीसमोर उभं राहून मणक्याचा त्रास सुरू झाला. ते दुखणं कंपनीच्या कामातलं आहे आणि कंपनीच्या ताळेबंदात ते कुठेच दिसत नाही. ईएसआय असताना मालक सव्वातीन टक्के भरत होता. ते सुटल्याबरोबर त्याचे तेवढे पैसे वाचले. ते गेले कुठे? निदान तेवढे तरी त्याने कामगाराच्या विम्यात घालावेत. तारवटीदादा आणि पायलट-टॅक्सीवाल्यांचं सरकारने बघावं, कारण त्यांना मालकच नाही. पण ज्याला मालक आहे त्याच्या मालकाला असं सोडून का द्यायचं?

हिशेबनीस

ताई, हा मुद्दा हिशेबाने पक्का आहे. २२ हजार पगारावर सव्वातीन टक्के म्हणजे महिना ७१५, वर्षाला ८,५८०. ईएसआयबाहेर गेलेले असे कामगार तुमच्या कारखान्यात किती आहेत ते मोजा. चाळीस असतील तर मालकाचे वर्षाला ३ लाख ४३ हजारांवर वाचतात. ग्रुप पॉलिसीत आईवडील घालायला हा पैसा सुरुवातीला पुरेसा ठरू शकतो. विमा कंपनीकडून कोटेशन मागवायला लावा.

स्टेथोस्कोप

माझी तरीही एक भीती आहे. चांगले पगार असलेले सगळे ग्रुप पॉलिसीतून खाजगी इस्पितळात गेले, तर मडगावचं हॉस्पिसियो, म्हापशाचं आझिलो आणि गोमेकॉ या सरकारी इस्पितळांसाठी भांडायला कोण उरणार? गोमेकॉ तर १८४२ पासून चालत आलेली संस्था आहे. कंपनीकडून विमा जरूर घ्या, पण आमदार दारात आला की औषधांचा साठा आणि डॉक्टरांच्या रिकाम्या जागा विचारायला विसरू नका.

डिचोलीकर

डॉक्टर, दोन्ही करू.

अबोलीताई, आता कामाचं बोलतो. तोंडी मागणी करू नका. पुढचा करार व्हायच्या आधी युनियनच्या मागणीपत्रात कलम घाला: एक, ईएसआय सुटलेल्या कामगाराच्या नावे कंपनीने निदान सव्वातीन टक्के विम्यात भरावेत. दोन, आईवडील धरलेले असावेत, लागल्यास कामगाराने थोडा वाटा द्यावा. तीन, नोकरी सुटली, कारखाना बंद पडला किंवा माणूस निवृत्त झाला तर वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा फॉर्म कंपनीने स्वतः भरून द्यावा. तिसरं कलम कुणी मागत नाही. खाणीच्या वेळी ते असतं तर आमच्याकडची बरीच माणसं आज विम्यात असती. म्हणून ते गाळू देऊ नका.

अबोली_फोंडा

युनियनची बैठक पुढच्या रविवारी मार्दोळला आहे. यजमान ही तिन्ही कलमं लिहून नेणार आहेत. काळा कोट, तिसऱ्या कलमाची कायदेशीर भाषा लिहून द्याल का?

काळा_कोट

उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो. दुसऱ्या कारखान्यांतल्यांनाही वापरता येईल.

दोडामार्गचो

टाका दादा. आमच्या वसाहतीतही वाटतो.